वडगावच्या जनरलची परीक्षा

शिरोळात पहाटे पाचला फिरायला बाहेर पडलं, की रस्ता आपल्या एकट्याचा नसतो. अंधारातच मुलं पळत असतात. कुणाच्या पायात नवे बूट, कुणाच्या पायात थोरल्या भावाचे. कुणी पळतो, तर मागून सायकलवर त्याचा मित्र घड्याळ धरून वेळ मोजत असतो. अलीकडे त्यांत मुलीही दिसतात. यांतली बहुतेक पोलीस भरतीची किंवा शिपाई भरतीची तयारी करणारी. थेट लष्करात अधिकारी व्हायचं म्हणून पळणारा एखादाच. असा एक आमच्या शेजारी राहतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा एकदम चढल्या आणि आमच्या तालुक्यातल्या कितीतरी गावांना पाण्याचा वेढा पडला, तेव्हा हा मुलगा नववीत होता. त्याच्या आजोळच्या घरात पाणी शिरलं. त्याच्या आजीला लष्कराच्या बोटीतून बाहेर काढलं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून याचं ठरलं. पुढं पदवी झाली, संयुक्त संरक्षण सेवेची लेखी परीक्षाही उत्तीर्ण झाला. मग निवड मंडळासमोर गेला आणि पाचव्या दिवशी परत आला. दुसऱ्या खेपेचं बोलावणं आलं, तेव्हा तो एका संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, काका, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. मला चित्रांवरच्या बारा गोष्टी लिहून द्या, मी पाठ करून जातो.

ज्यांच्या घरात अशी मुलं नाहीत, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. लेखी परीक्षा ही नुसती वेशीवरची पायरी. खरी परीक्षा निवड मंडळाची, पाच दिवसांची. उमेदवारांना एकत्र ठेवतात, छातीवर नंबर लावतात आणि मग नावापेक्षा त्या नंबरानंच माणूस ओळखला जातो. पडद्यावर एक चित्र अर्धं मिनिट दिसतं आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. अशी अकरा चित्रं. बारावा पडदा कोरा. त्याच्यावर आपल्या मनातली गोष्ट लिहायची. मग एकेक शब्द दाखवतात, साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद. मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग साठ प्रसंग अर्ध्या तासात. नंतर मैदानावर आठ-दहा जणांचा गट करून फळ्या, दोर आणि पिंपं देतात आणि पलीकडे जायला सांगतात. म्होरक्या मात्र नेमत नाहीत. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा, असे तिघं आपापल्या वाटेनं एकाच माणसाचा अंदाज घेतात आणि शेवटच्या दिवशी ते एकत्र ताडून बघतात. अधिकाऱ्याला लागणारे पंधरा गुण त्यांच्या यादीत आहेत. त्या यादीची पुस्तकं बाजारात मिळतात, त्यावर शिकवण्या चालतात आणि तयार गोष्टीही मिळतात.

मी त्या मुलाला लगेच नाही म्हणालो नाही, कारण मला माझी आठवण झाली. १९८० च्या सुमाराला मीही असा पाच दिवस नंबर लावून राहिलो होतो. मीही गोष्टी पाठ करून गेलो होतो. माझ्या बाराही गोष्टींत नायक बुडणाऱ्याला वाचवत होता, दरोडेखोराला पकडत होता आणि शेवटी त्याचा सत्कार होत होता. मुलाखतीत मला विचारलं, की तुम्ही स्वतः आजवर कुणाच्या उपयोगी पडलात? मला पटकन एकही प्रसंग सांगता आला नाही. परतीच्या गाडीत मी ठरवलं, की हे लोक अन्याय करतात. पुढं बँकेत लागलो, कर्जाच्या टेबलावर बसलो आणि सगळे कागद चोख असलेली माणसं समोर येऊ लागली, तेव्हा कुठं मला त्या मंडळाचं म्हणणं कळलं. कागद चोख असणं आणि माणूस चोख असणं, यांत अंतर असतं. ते ओळखायला मला दहा वर्षं आणि दोन-तीन बुडीत खाती लागली.

म्हणून मी त्या मुलाला गोष्ट लिहून दिली नाही. एक सांगितली. ती त्याच्या शेजारच्याच तालुक्यातली होती. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचं नाव त्यानं ऐकलं होतं. पण नावापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा, हातकणंगले तालुक्यातल्या वडगावचा. आज आपण त्याला पेठ वडगाव म्हणतो. वडील डॉ. पी. सी. पाटील हे शेतीशास्त्रातले जाणकार. शाहू महाराजांच्या काळातलं ते कोल्हापूर. महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं होतं आणि कुणब्याच्या घरात पुस्तक शिरू लागलं होतं. शिकलेला मुलगा वकील, मास्तर किंवा मामलेदार होईल, एवढी कल्पना लोक करू शकत होते. तो राजाच्या सनदेचा लष्करी अधिकारी होईल, हे कुणाच्या मनात आलं नसतं.

त्याला कारण होतं. या मुलखातून सैन्यात जाणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. मराठा पलटणींत घरटी माणूस होता. पण तो शिपाई, हवालदार, फार तर सुभेदार. त्याच्यावरचा साहेब गोराच. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी रक्त सांडलं, त्यानंतर इंग्रजांनी सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयाचं दार हिंदी मुलांसाठी किलकिलं केलं. किती? तर वर्षाला दहा जागा. साऱ्या हिंदुस्थानातून दहा. तेव्हा आजच्यासारखं पाच दिवसांचं मंडळ नव्हतं. घराणं कोणतं, सरकारशी निष्ठा कशी, इंग्रजी बोलणं-चालणं कसं, यावर पुष्कळ काही ठरत असे. राजेरजवाड्यांच्या आणि सरदारांच्या मुलांसाठी आखलेल्या त्या वाटेवरून वडगावच्या पाटलांचा मुलगा गेला आणि १९२६ साली, विशीत, अधिकारी होऊन बाहेर पडला.

इथं त्या मुलानं मला अडवलं. त्यांनी तयारी कशी केली असेल, हे त्याला हवं होतं. मी म्हटलं, तयारीचं पुस्तक असतं तर ते इंग्रजांसाठी लिहिलेलं असतं. त्यांची खरी परीक्षा तर निवड झाल्यावर सुरू झाली.

कारण सँडहर्स्टहून परतलेल्या हिंदी अधिकाऱ्याला आधी वर्षभर गोऱ्या पलटणीत काढावं लागे. मग हिंदी पलटण. तिथंही एक मेख होती. गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करावं लागू नये, म्हणून १९२३ मध्ये सरकारनं फक्त आठ पलटणी हिंदी अधिकाऱ्यांसाठी वेगळ्या काढल्या होत्या. थोरात ज्या १४ व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत गेले, ती या आठांतली एक. गंमत अशी, की पुढं पाकिस्तानचे लष्करशहा झालेले अयूब खानही याच रेजिमेंटचे. थोरातांच्या हाताखालचे शिपाई पंजाबी बोलणारे, वरचे साहेब इंग्रजी बोलणारे आणि हे मराठी. अनेक क्लबांच्या दारांत हिंदी माणसाला मज्जाव असण्याचा तो काळ. अशा ठिकाणी रोज सकाळी गणवेश चढवून उभं राहायचं आणि आपण कुणापेक्षा कमी नाही हे न बोलता दाखवायचं, ही परीक्षा पाच दिवसांची नव्हती. ती जवळजवळ वीस वर्षं चालली.

तिचा निकाल ब्रह्मदेशात लागला. जानेवारी १९४५. आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ नावाचं ठिकाण आहे. माघार घेणाऱ्या जपान्यांची वाट तिथं तोडायची होती. ते काम ज्या ५१ व्या ब्रिगेडकडे आलं, तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. कुर्गचे थिमय्या, बंगालचे एल. पी. सेन आणि कोल्हापूरचे थोरात. लढाईत हिंदी माणूस पलटण चालवू शकेल का, ही शंका तोवर साहेबांच्या मनातून गेली नव्हती. मेलरोझ असं नाव दिलेल्या डोंगरावर जपानी घट्ट बसले होते. २९ जानेवारीला थोरातांची दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण वर चढली. अगदी हातघाईची लढाई झाली आणि डोंगर हातात आला. पलटणीची माणसं पुष्कळ पडली. तिन्ही पलटणप्रमुखांना डी. एस. ओ. हा शौर्याचा मोठा सन्मान मिळाला. शंका मिटली, पण तिची किंमत त्या उतारावर मोजावी लागली होती. मी हे सांगत होतो, तेव्हा मुलाचे डोळे चमकत होते. त्याला हवी तशी ही गोष्ट होती.

याच युद्धाच्या काळात अधिकारी निवडण्याची पद्धतही बदलली. नुसत्या मुलाखतीनं निवडलेली माणसं मोठ्या संख्येनं कच्ची निघू लागली, म्हणून ब्रिटनमध्ये १९४२ साली मानसशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन नवी मंडळं नेमली गेली आणि १९४३ मध्ये ती पद्धत आपल्याकडे आली. आज हा मुलगा ज्या चित्रांना आणि दोरांना घाबरतो, ती तेव्हाची. घराणं बघायचं नाही, माणूस बघायचा, हे तिचं सूत्र. वडगावच्या मुलाला जे वीस वर्षं सिद्ध करावं लागलं, ते आता शिरोळच्या मुलाला पाच दिवसांत दाखवण्याची सोय झाली. मी त्याला म्हटलं, ही परीक्षा तुझ्या विरोधात नाही, तुझ्यासारख्यांसाठीच आहे.

पुढची गोष्ट कोरियाची. जुलै १९५३ मध्ये कोरियाचं युद्ध थांबलं, ते कैद्यांच्या प्रश्नावर अडून अडून. चीनचे आणि उत्तर कोरियाचे बावीस हजारांहून अधिक कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांना तटस्थ देशाच्या ताब्यात ठेवून त्यांची खरी इच्छा जाणून घ्यायची, असं ठरलं. आयोगाचे अध्यक्ष झाले थिमय्या. कैद्यांची राखण करायला जे भारतीय दल गेलं, त्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारनं भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाऊल ठेवू द्यायचं नाकारलं, तेव्हा सारं दल इंचॉन बंदरातून हेलिकॉप्टरनं उचलून दोन सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात उतरवलं गेलं. तिथं त्यांनी तळ उभारला, त्याचं नाव हिंद नगर.

कैदी भडकलेले होते. त्यांच्यात टोळ्या होत्या, त्यांचे म्होरके होते. भारतीय जवान आपल्याला जबरदस्तीनं परत पाठवणार, असं त्यांच्या डोक्यात भरलेलं होतं. सप्टेंबरच्या अखेरीस एका कुंपणातल्या चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला ओढून आत नेलं. आता काय करायचं? गोळीबार केला, तर ग्रेवाल जिवंत मिळण्याची आशा नाही आणि निःशस्त्र कैद्यांची कत्तल झाली, तर नुकतंच थांबलेलं युद्ध पुन्हा पेटायचं. काहीच केलं नाही, तर उद्या दुसरा अधिकारी ओढला जायचा. थोरात स्वतः हत्याराशिवाय त्या कुंपणात शिरले. खवळलेल्या जमावात उभं राहून त्यांच्याशी बोलले, त्यांना दटावलं, त्यांचं ऐकून घेतलं आणि ग्रेवालना बाहेर घेऊन आले. गोळी सुटली नाही. या कामगिरीबद्दल त्यांना अशोक चक्र, वर्ग दुसरा, मिळालं. त्यालाच आता कीर्ती चक्र म्हणतात. १९५४ मध्ये पद्मश्रीही मिळाली.

तो मुलगा वही चाळू लागला. म्हणाला, काका, असाच एक प्रसंग आमच्या पुस्तकात आहे, तुमच्या साथीदाराला जमावानं पकडलंय, तुम्ही काय कराल? मी विचारलं, उत्तर काय दिलंय? त्यात लिहिलं होतं, की कुमक मागवून साथीदाराला सोडवीन. उत्तर चुकीचं नव्हतं. पण थोरातांजवळ कुमक होती, बाहेरच उभी होती. ती न वापरण्याचं ठरवणं, हा खरा निर्णय होता. आणि तो घ्यायला आधी त्या कैद्यांकडे भेदरलेली माणसं म्हणून बघावं लागतं. ते पाठ करता येत नाही.

इथवरची गोष्ट कुणालाही सांगायला आवडेल. पुढची सांगावी की नाही, याचा मी क्षणभर विचार केला. परीक्षेला निघालेल्या मुलाला ती सांगणं बरं नव्हे, असं बायकोनंही मला आतून खुणावलं. पण अर्धी गोष्ट सांगणं म्हणजे पुन्हा पाठ करून दिल्यासारखंच झालं असतं.

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे प्रमुख झाले. मुख्यालय तेव्हा लखनौला होतं. ईशान्येचा सीमाभाग, ज्याला तेव्हा नेफा म्हणत आणि आज आपण अरुणाचल प्रदेश म्हणतो, त्याची चिंता त्यांच्या वाट्याला आली. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजू इथं चकमक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थोरातांनी एक सविस्तर टिपण तयार करून सेना मुख्यालयाला पाठवलं. चीनचा धोका खरा आहे, अगदी सीमेवर चिकटून बसून लढणं आपल्याला झेपणार नाही, सीमेवर फक्त नजर ठेवणाऱ्या चौक्या असाव्यात आणि मुख्य बचाव मागे, जिथं आपल्याला रस्त्यानं रसद पोचवता येईल आणि शत्रूला त्याची रसद लांबून आणावी लागेल, अशा रेषेवर करावा. त्यासाठी इतकं सैन्य आणि इतकी साधनं लागतील, असा त्याचा मथितार्थ. सेनाप्रमुख थिमय्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे नेलं. ते तिथंच थांबलं. थोरात विनाकारण घाबरवतात, असं मंत्र्यांचं मत पडलं.

थोरातांनी मार्च १९६० मध्ये लखनौला लाल किला नावाचा एक लष्करी सराव घेतला. चीननं हल्ला केला तर कुठून, कसा येईल आणि आपलं काय होईल, ते नकाशावर मांडून दाखवलं. मे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. थिमय्यांनंतर सेनाप्रमुख म्हणून त्यांचं नाव घेतलं जात होतं. थिमय्यांचाही कौल तोच होता. नेमणूक जनरल थापर यांची झाली. आणि २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी सैन्य उतरलं. पुढं काय झालं, ते वाचकांना ठाऊकच आहे.

युद्ध अंगावर आल्यावर नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. तेव्हा त्यांना त्या टिपणाबद्दल कळलं आणि हे माझ्यापर्यंत का आलं नाही, असं त्यांनी विचारल्याचं थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे. ते आत्मचरित्र १९८६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालं. पुढं कृष्ण मेनन गेले, यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि आपण सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचा अभिमान बाळगला, तो रास्तच होता. पण सह्याद्रीकडचाच एक माणूस तीन वर्षं आधी हिमालयाबद्दल सांगत होता, हे आपल्यातल्या थोड्यांनाच आठवतं.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, की उत्तर बरोबर असून गुण मिळाले नाहीत, तर मग त्यांनी राजीनामा का दिला नाही? मला याचं चटकन उत्तर देता आलं नाही. थिमय्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला होता आणि नेहरूंच्या शब्दाखातर मागे घेतला होता. थोरातांनी दिला नाही. ओरडले नाहीत, लेखणी मात्र खाली ठेवली नाही. कागद पाठवला, तो दाबला गेला तर नकाशावर मांडून दाखवला आणि आपल्या खुर्चीची मुदत संपेपर्यंत ती सांभाळली. काही लोकांना वाटतं, त्यांनी आणखी आवाज चढवायला हवा होता. लोकशाहीत सेनापतीनं मंत्र्यावर किती आवाज चढवावा, हा सोपा प्रश्न नाही. आपल्या शेजारच्या देशांत तो फार चढला, तेव्हा काय झालं तेही आपण पाहिलं. थोरातांच्याच रेजिमेंटचे अयूब खान १९५८ मध्ये सत्ता घेऊन बसले होते. मी मुलाला एवढंच म्हटलं, की याचं उत्तर तुला पुढं कधीतरी स्वतः द्यावं लागेल, तेव्हा माझं उत्तर पाठ करून चालणार नाही.

निवृत्तीनंतर थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. ज्यानं आयुष्यभर परीक्षा दिल्या, तो टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला आणि महाराष्ट्राच्या मुलांना निवडू लागला. १९९२ च्या ऑगस्टमध्ये, शहाऐंशीव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, ते गेले.

उठताना त्या मुलानं वही बंद केली. मी त्याला एकच अभ्यास दिला. कोऱ्या पडद्यावर काय लिहिणार, ते लिहून आण. नायक तू नसलास तरी चालेल.

आठ दिवसांनी तो आला. गोष्ट एका पानाची होती. पुराच्या पाण्यात एक म्हातारी माळवदावर बसली आहे. बोट आली तरी ती उतरायला तयार नाही, कारण खाली गोठ्यात तिची म्हैस बांधलेली आहे. बोटीतला जवान तिच्याशी वाद घालत नाही. तो शेजारच्या पोराला विचारतो, म्हशीचं दावं कुठं आहे? पोराला ठाऊक असतं. तो पाण्यात उतरतो, दावं सोडतो, म्हैस पोहत उंचवट्याकडे जाते आणि मग म्हातारी बोटीत बसते. गोष्टीत सत्कार नव्हता. म्हातारी जवानावर रागावलेलीच राहते, असा शेवट होता.

मी विचारलं, तो पोरगा कोण? तो हसला आणि म्हणाला, आजीला विचारा.

त्याची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. त्याची निवड होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मला माझंही सांगता आलं नव्हतं. पण या खेपेला त्याला कुणी विचारलं, की तू आजवर कुणाच्या उपयोगी पडलास, तर तो माझ्यासारखा गप्प बसणार नाही.